शाईच्या सहाणेला सवत

मित्रांनो, मी एक जुनी सहाण आहे. माझ्यावर चंदन नव्हे, शाईची कांडी उगाळत.

आमचे सम्राट सातव्या वर्षी गादीवर बसले, तेव्हा मुकुट त्यांच्या कानांवर उतरत होता. पहिली अक्षरं त्यांनी माझ्याच शाईने गिरवली. पुढे कविता आल्या. हरवलेल्या मांजरावर, प्लमच्या बहरावर, आणि कारभार सगळा मंत्रीच हाकतात या दुःखावर. शब्द त्यांचे, काळेपणा माझा.

स्तुती कोणाची? कुंचल्याची. कागदाची. कविता पाठवताना कागद ज्या फुलांच्या फांदीला बांधत, त्या फांदीचीसुद्धा!

मग ती आली. चिनी जहाजातून. अंगभर ड्रॅगन कोरलेली.

तिच्याविषयी मी बोलणार नाही.

बोलते. तिच्यावर शाई लोण्यासारखी उतरायची. मला मात्र पडद्याच्या पायाशी टाकलं, वाऱ्याने तो हलू नये म्हणून. माझ्या पोटातली शाई कोणी धुतलीही नाही. तशीच वाळली.

त्या हिवाळ्यात राणी रुसून माहेरी गेली. सम्राटांनी कविता रचली, निरोप्या दारात उभा राहिला, आणि चिनी सहाणेतलं पाणी गोठलं. (मला किती बरं वाटलं!)

"कझुसा, ती जुनी आण," सम्राट दासीला म्हणाले.

"महाराज, तिचा खरखरीतपणा गेलाय, दात पडलेत जणू."

"माझेही पडतील. आण लवकर."

वाळलेल्या थरावरून कांडी नुसती घसरत राहिली. घाईत त्यांनी तसंच लिहिलं:

अंगणात बर्फ
झाडू दिला नाही मी;
पहिलं पाऊल
कुणाचं उमटेल ते
पाहत बसलो आहे

शाई उतरली फिकी, राखेसारखी. फिक्या शाईत आमच्याकडे मृत्यूची बातमी कळवतात. राणीने कविता वाचलीच नाही, रंग पाहिला आणि गाडीच्या बैलांना पिटाळत आली.

"कोण गेलं?"

"अगं, कोणी नाही. मी हा समोर उभा आहे."

"मग पत्राला सुतक कसलं? वाटभर रडले मी!"

"माझ्यासाठी?"

"बैलांसाठी!" असं म्हणून ती हसली, आणि राहिली.

तिने मला स्वतःच्या हातांनी धुतलं. सम्राटांनी रेशमात गुंडाळून पेटीत ठेवलं. "हिने तुला आणलं, हिला जपायचं."

तेव्हापासून रोज सकाळी माझ्या सवतीवर कांडी फिरते, ती थोडी थोडी झिजते. पेटीत मला सगळं ऐकू येतं.

मित्रांनो, वस्तू वापरा, धुवा, पुन्हा वापरा. रेशीम त्या चिनी बयेला द्या. मला तिच्या वाट्याची झीज हवी आहे.