त्या सकाळी मी चालू झाले नाही

मी सोमेश्वरची पांढरी गाडी बोलतेय. साखरा या गावी येण्याआधी मी दोन घरं पाहिली. पहिल्या घरी मला कापडाखाली झाकून ठेवत. दुसऱ्या घरी माझ्या डिकीत कोंबड्यांचं खाद्य भरत. माणसासारखं वागवलं ते तिसऱ्या घरानं.

त्या घरात सोमेश्वर आणि त्याची आई नर्मदाबाई, दोघंच. आई माझ्यात बसताना चपला बाहेर काढायची. एकदा त्या अंगणातच राहिल्या आणि ती सेनगावच्या बाजारात अनवाणी फिरली. सोमेश्वर हसला तर म्हणाली, "लक्ष्मी हाय ती. पाय कसे लावू?"

दसऱ्याला सोमेश्वरनं माझी बॅटरी काढून धुतली, पाटावर ठेवली. आईनं हळदकुंकू लावलं. "सगळी ताकद हिच्यातच असते म्हणतोस ना? मंग हिलाच बांधते," म्हणत तिनं बॅटरीच्या खुंटीला पूजेचा लाल दोरा गुंडाळला. चांगले चार-पाच वेढे. सोमेश्वरनं गडबडीत त्याच्यावरूनच वायरीची पकड आवळली. मलाही तेव्हा कौतुकच वाटलं. पंधरा दिवस मी बराबर चालले.

मग एका सकाळी वसमतहून फोन आला. आईचा एकुलता एक भाऊ उकंडराव दवाखान्यात होता. "मामा डोळे उघडून 'ताई कुठं हाय' विचारून राहिले. लवकर या."

आई नेसत्या लुगड्यानिशी येऊन बसली. सोमेश्वरनं किल्ली फिरवली. माझ्यातून फक्त 'टक' असा आवाज आला. पुन्हा फिरवली. पुन्हा 'टक'. हॉर्नही वाजेना.

शेजारचा हरिचंद धावत आला. "पेट्रोल हाय का?"

"कालच टाकलं."

"मंग दसऱ्याला येवढी पूजा करून रुसली काहून?"

चौघांनी मला मारुतीच्या पारापर्यंत ढकललं. मी दोन-तीन आचके दिले, पण चालू झाले नाही. गावातल्या बाकीच्या गाड्या सोयाबीन घेऊन बाजाराला गेलेल्या. आई आत बसून समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत होती. "बाई गं, आजच्या दिवस चाल," एवढंच पुटपुटली.

मी अंगातला सगळा जीव लावला. तो त्या खुंटीपर्यंत येऊन थांबायचा.

शेवटी हरिचंदनं तिला मोटारसायकलवर सेनगावला नेलं, तिथून एसटी. वसमतला ती पोचली तेव्हा उकंडराव जाऊन पाऊण तास झाला होता. भावाचं तोंड दिसलं, पण मिटलेल्या डोळ्यांचं.

तिसऱ्या दिवशी तांड्यावरचा मिस्तरी रामसिंग आला. त्यानं पकड सोडवली. तेला-हळदीनं चिकट झालेला दोरा खाली दबलेला. पकड त्याच्यावरून सैल होऊन सरकली होती.

"हे कोनं बांधलं? करंट कसा जाईन? दोन मिनिटाचं काम होतं, सोमेश्वरभाऊ."

सोमेश्वरनं दोरा खिशात घातला. आई घरातून विचारत होती, "काय झालं होतं रे तिला?"

"जुनी गाडी हाय, आई. बॅटरी गेली होती."

तो खोटं बोलला, आणि मला त्याचं बरंच वाटलं.

त्यानंतर आई माझ्यात बसली नाही. परवा मात्र जवळ आली, माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "माझ्या भावाच्या वक्तालाच काहून दगा दिलास गं?" मला बोलता आलं असतं तरी मी गप्पच बसले असते. दोष माझ्याच नावावर राहू दे. तिच्या हातांवर नको.

सोमेश्वरनं मला विकलंय, उद्या कनेरगाव नाक्याचा माणूस मला घेऊन जाणार आहे. माझी सोमेश्वरला एकच विनंती आहे. मी आता पहिल्याच किल्लीला चालू होते, पण उद्या आई दारात उभी असेल. तिच्यासमोर मला चालू करू नकोस, नाहीतर त्या दिवशी नेमकं काय अडलं होतं ते ती शोधत बसेल. फाट्यापर्यंत ढकलतच ने.