चढावरचं अहो-जाहो

घड्याळजी दिवसभर डोळ्याला भिंग लावून, पाठीचं धनुष्य करून दुकानात बसायचा आणि तोच बाक घेऊन सकाळी धावायला यायचा. सपाटीवर ते खपून जाई. टेकडीचा चढ लागला, की मात्र तो घडीच्या चाकूसारखा कमरेत मिटायचा.

धावण्याच्या क्लबचे मास्तर म्हणजे त्याचे सासरे. चढाच्या मध्यावर उभे राहून ते एकेकाची खरडपट्टी काढायचे.

"अगं टपालवाले, पायांकडे काय बघतेस? पळून जाणारेत का ते? ए बेकरीवाल्या, पोट आत! फुगवायचं ते भट्टीत!"

आणि घड्याळजी धापा टाकत समोरून गेला, की म्हणायचे, "वा जावईबापू! सावकाश. दमू नका हं."

टेकडीच्या शर्यतीसाठी चौघांचा संघ जायचा होता. तिघं ठरले होते. चौथी जागा घड्याळजीला हवी होती, आणि टपालवालीलाही. इतकी वर्षं धावूनही संघाचा बनियन त्याच्या अंगाला कधी लागला नव्हता.

एका सकाळी सगळे मैदानावर फळी करत होते: कोपरं आणि चवडे टेकलेले, अंग ताठ. घड्याळजीचं ढुंगण तंबूसारखं वर. मास्तरांनी ते पाहिलं, आणि आभाळाकडे बघत पुढे गेले.

"तुमची मजा आहे," शेजारून टपालवाली दातओठ खात म्हणाली. "तुम्हाला कधी ओरडा नाही."

"नाही ना."

"म्हणून तर तुमची फळी अशी आहे!"

ते त्याला लागलं. त्याने सासऱ्यांना नळाशी गाठलं.

"बाबा, माझं चुकतं ते तुम्ही सांगत का नाही?"

"जावयाला काय बोलायचं? लेक माझी घरी कान उपटेल."

"मग इथे मला जावई समजू नका. अरे-तुरे करा."

मास्तरांनी पाणी प्यायला उगाच वेळ लावला. "जीभ वळायची नाही हो."

"वळवा. निवड तोंडावर आलीय."

दुसऱ्या दिवशी तो चढावर आला. "जावईबा…" मास्तर अडखळले, खोकले, आणि मग टेकडी दणाणली. "अरे ए वाकड्या! कंबर वर! छाती उघड, हात मागे मार!"

घड्याळजी इतका दचकला, की सरळच झाला. छातीत हवा शिरली. पुढे रोज तो शिव्या खात राहिला, आणि चढ हळूहळू सोसू लागला.

निवडीच्या सकाळी तो टपालवालीच्या अगदी मागोमाग वर पोचला.

"टपालवाली जाईल," मास्तर म्हणाले. मग त्याच्याकडे वळले. "शेवटच्या वळणावर तुझी कंबर मोडली. पोटात जोर नाही अजून. यंदा नाही."

आजवर हाच नकार त्याला 'पुढच्या वेळी नक्की हं' असा गोड करून मिळत आला होता. आज तो उघडा मिळाला.

"मग काय करू?"

"उद्या लवकर ये. माझ्यासमोर फळी कर."

"उद्या कशाला?" म्हणत तो तिथेच गवतावर कोपरं टेकून पडला.

मास्तर गुडघ्यावर बसले आणि त्यांनी त्याच्या कमरेवर तळवा दाबला. "खाली घे. अजून. श्वास कशाला धरून ठेवलायस, गाढवा? सोड."

त्याने सोडला.