देवमनरावांच्या हातातला माईक

मित्रांनो, माझ्या जाळीला समोरून एक पोचा आहे. अकोल्यातल्या एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी मला खाली पाडलं, तेव्हाचा तो. मी एक जुना, वायरवाला माईक.

कारखान्यातून मी अकोल्याच्या एका मंडपवाल्याकडे आलो. गणपतीतले कार्यक्रम केले, शाळांची गॅदरिंगं केली, हरवलेल्या पोरांची नावं पुकारली. पण माझे सुखाचे दिवस गेले ते देवमनरावांच्या हातात. ते नकलाकार. बायकोची, म्हणजे शकुनबाईंची नक्कल करून ते लोकांना पोट धरून हसायला लावत. शकुनबाई पहिल्या रांगेत बसून स्वतःच्याच नकलेला हसायच्या. पुढे बिनवायरचे माईक आले आणि मी खोक्यात गेलो.

खोक्यातून मला अमरावतीच्या केयूरने नेलं. तो क्लासमध्ये शिकवतो. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी क्लासच्याच हॉलमध्ये तो 'आपबीती' नावाचा कार्यक्रम ठेवतो. कोणीही यावं, स्वतःची खरी गोष्ट सांगावी. मग दोघंतिघं विनोदी बोलतात. मी त्याला हवा होतो तो फोटोसाठी. जुना माईक फोटोत छान दिसतो म्हणे! राग आला, पण खोक्यापेक्षा बरं.

गेल्या उन्हाळ्यात तिथे देवमनराव आले. शकुनबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. सोबत लेक होती, वर्षाली. ती अमरावतीलाच दिलेली. आईच्या शेवटच्या वेळी तिला अकोल्याला पोचता आलं नव्हतं. मला हातात घेत देवमनराव तिला म्हणाले, "घरी माह्या तोंडून शब्द निंगत नाही, बेटा. आज सांगतो तुले, तुही माय कशी गेली ते."

मग ते लोकांकडे वळले. "शेवटी शेवटी शकुन मले ओयखेच ना. म्हने, पावने, कोन्या गावचे जी तुमी?"

हॉल खदखदून हसला. मित्रांनो, आपल्याकडे ही एक वाईट खोड आहे. मंचावर कोणी वऱ्हाडी बोललं की ते विनोदीच असणार, असं आपण वऱ्हाडची माणसंच धरून चालतो. त्यातून कितीतरी जणांना जुने देवमनराव आठवत होते.

"हासू नका जी, खरं सांगून राहिलो," ते म्हणाले. हशा वाढला.

"माह्या हातचं जेवे ना. परक्या मानसासमोर कशी बसू म्हने, अन् पदर घे डोक्शावर. संध्याकाय झाली का म्हने, पावने, जा आता, आमचे हे येतीन. मंग मी भायेर जाऊन कडी वाजवो. वाटे, आतातरी शकुन म्हनन, आले वाटते हे..."

टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टी मारली. माझ्यावरची त्यांची बोटं घामाने ओली झाली होती. मी जीव तोडून एकेक शब्द शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवत होतो, आणि लोक आणखीच हसत होते. तेव्हा वाटलं, आपण बंद पडावं. तेही जमलं नाही.

देवमनरावांनी गोष्ट तिथेच सोडली. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा डोक्यावर ओढला, शकुनबाईंचा आवाज काढला आणि लाजून म्हणाले, "पावने, जा नं आता!" लोक उभे राहिले. सारा जन्म हसवण्यात गेलेला. हसणाऱ्यांपुढे त्यांना रडता येईना.

खाली आल्यावर वर्षालीने विचारलं, "बाबा, मंग? आईनं शेवटी ओयखलं का तुमाले?"

"जाऊ दे," ते म्हणाले. "हासले ना लोकं."

तेवढ्यात केयूर धावत आला. "काका, काय टायमिंग आहे! पुढच्या महिन्यात शेवटचा मानाचा नंबर तुमचाच."

आता ते दर महिन्याला येतात. लोक "पावने! पावने!" ओरडतात आणि ते दुपट्टा डोक्यावर घेतात. वर्षाली येत नाही.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, माझी वायर नीट गुंडाळा, हे मागणं मी सोडून दिलं आहे. एकच मागतो. कोणी आपली गोष्ट सांगायला उभं राहिलं, तर ती संपेपर्यंत ऐकून घ्या. तुम्ही ऐकाल असं मला वाटत नाही, तरी मागतो. शकुनबाईंनी शेवटी नवऱ्याला ओळखलं की नाही, हे वर्षालीला अजून कळलेलं नाही. मलाही नाही. तिथपर्यंत देवमनरावांना कोणी जाऊच दिलं नाही.