कवाडी कुणी लावायची

रविवारी सोलापूरची ती पायी फिरणारी मंडळी मंद्रूपला एसटीतून उतरली, की वच्छलाच्या कपाळाला आठी पडायची. कॅनव्हासचे बूट, टोप्या, गळ्यात शिट्टी! ना जनावर चारायचं, ना मोळी आणायची, नुसतं चालायचं. आणि चालायचं ते हिच्याच रानातल्या पायवाटेनं, ओढ्याकडे. मागच्या रविवारी एकीनं बांधावरची काकडी तोडली, तेव्हा वच्छलानं सगळ्यांची खरडपट्टी काढली होती.

"हितल्या कशाला बी हात लावायचा न्हाय! आला तसं गुमान जावा!"

त्यांचा म्होरक्या मुकुंद, कुठल्याशा हापिसातला कारकून, हात जोडून "चुकलं, बाई" म्हणाला होता. मेंगळट मेला!

गायरान आणि ज्वारीच्या मध्ये बाभळीच्या फांद्यांची कवाडी होती. शेवटी जाईल त्यानं ती ओढून लावायची, हे गावातलं शेंबडं पोरही जाणत होतं. गायरानात वच्छलाची गाभण कपिली मोकळी चरायची. बहात्तरच्या दुष्काळात घराचं छप्पर उपसून, ते चारून जगवलेली गाय. कोवळी ज्वारी म्हणजे जनावराला विष, म्हणून तर ती कवाडी.

आज वच्छला भाकरीची बुट्टी डोक्यावर घेऊन कवाडीतून आत शिरली, तोच मागं शिट्टी वाजली. 'आली रिकामटेकडी. लावतील की! तेवढं तरी काम करू देत,' असं म्हणून ती मागं न बघता चालू लागली.

दुपारी परतली, तर कपिली ज्वारीत आडवी. पोट फुगलेलं, तोंडाला फेस. वच्छलानं हाका मारल्या, पोट चोळलं. गायीनं दोनदा पाय झाडले आणि संपली.

तेवढ्यात मंडळी ओढ्यावरून आली. वच्छला अंगावरच धावली. "कवाडी लावाया हात झडलं व्हतं का रं तुमचं?"

मुकुंद गायीकडे बघून पांढराफटक पडला. "बाई, एरवी लावलेली असते, म्हणून आम्हीही लावून जातो. आज तुम्हीच उघडी टाकून गेलात. आम्ही मागंच होतो. एक जण लावायला निघालाही, मीच अडवलं. तुम्हीच बजावलं होतं ना, कशालाही हात लावायचा नाही म्हणून."

"शेवटी जाईल त्यानं लावायची असती," ती पुटपुटली.

"आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो."

दर रविवारी वच्छलानं त्यांना नावं ठेवली होती. एवढी एक गोष्ट मात्र कधी सांगितली नव्हती.

जाताना मुकुंदानं कवाडी जपून ओढून घेतली. पलीकडे गायरानात आता तिचं एकही जनावर नव्हतं.