सोमवारचं गाऱ्हाणं

सोमवारी मी बोलत नाही. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासूनचं हे मौन. सांजवेळी तुळशीपुढे दिवा लावला की सुटतं. घरात कुणाला त्याचा त्रास नाही. एरवीही माझा आवाज माजघराच्या पलीकडे फारसा जात नाही.

त्यामुळे बाबली गावकरांनी देवळातल्या गाऱ्हाण्यासाठी सोमवार धरला, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. बोलायचं त्यांना होतं. जीव टांगणीला लागला होता तो माझ्या लेकीचा, नम्रताचा.

नम्रता विमानाचं इंधन बनवते. आदिलच्या काजू कारखान्याच्या धुराड्यातला धूर धरायचा, पाण्यातून हायड्रोजन काढायचा आणि दोन्हींचं मिळून तेल करायचं. तिथे जळणाऱ्या टरफलांतला धूर मुळात काजूच्या झाडांनी हवेतूनच घेतलेला. विमानाने तो परत हवेत सोडला, तरी नवा काही वाढत नाही. मला हे लगेच पटलं. शेतातल्या मातीचा गणपती पुन्हा मातीतच जातो, तसंच हे.

पण तिच्या शेडमधून निघे जेमतेम बाटलीभर तेल. तेवढ्यात विमान जागचं हलायचंही नाही, असं बाबली तिला चिडवत. मोठं यंत्र आणि विजेसाठी सोलरचे पत्रे मांडायला सडा, म्हणजे गावावरचं कातळाचं माळरान, हवा होता, आणि सडा देव रवळनाथाचा. ग्रामसभेने मान डोलावली, पण देवाला सांगितल्याशिवाय तिथे कुदळ लागणार नव्हती. गाऱ्हाणं अडलं तर यंत्र देणारी कंपनी ते देवगडकडे नेणार होती.

गाऱ्हाण्यात गावकर, म्हणजे गावचा मानकरी, देवापुढे एकेक मागणं मांडतो आणि जमलेला गाव ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. आमच्याकडे ती साद आधी शिवा घालतो. त्याने उचललं की मागून सगळे.

नेमका शिवाच रुसला होता. नम्रता घरोघर समजवायला गेली, तेव्हा हा आंब्याच्या कलमांवर फवारणीला गेलेला. ‘मला सोडून साऱ्या गावाला सांगितलं,’ एवढंच त्याने धरून ठेवलं. लोकांना मात्र सांगत सुटला, की यंत्र हवा ओढून घेणार आणि मोहराला वाराच उरणार नाही.

बाबलींनी हात जोडले. “बा रवळनाथा म्हाराजा, ह्या आमच्या चेडवान, नम्रतान, धुराचा त्याल केल्यान. ता आता टाकीभर होवंदे. गणपतीक येणारे चाकरमानी त्याच तेलार उडान सुखरूप घराक येवंदेत, रे म्हाराजा.”

कुणीच बोललं नाही. शिवा कौलं न्याहाळत होता आणि बाकीचे शिवाला. देवाला नीट कळलं नसावं असं वाटून बाबली त्याला हायड्रोजन म्हणजे काय ते सांगू लागले. पाण्याची फोड, तारा, टाक्या, सगळं झालं. तरी गाव गप्प. नम्रता खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत होती.

माझ्या मनात आलं, मौन धरलंय ते माणसांशी. देवाशी बोलायला मला कुणी अडवलंय? आणि हे मागणं माझंही होतंच की.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं.

सगळ्या माना बायकांच्या बाजूला वळल्या. बाबली पुढचं वाक्यच विसरले. जेवणावळीत आपल्या पाटावर दुसरंच कुणी बसलेलं दिसावं, तसा शिवाचा चेहरा झाला. बाबलींनी कसंबसं “सगळ्यांची राखणी कर” एवढं म्हणेपर्यंत त्याने अशी साद घातली की आढ्यावरची कबुतरं उडाली. मागून सारा गाव. मग तर मागणं पुरं व्हायच्या आधीच तो ‘व्हय म्हाराजा’ म्हणू लागला.

प्रसाद घेताना तो पायरीशी उभ्या असलेल्या आदिलला सांगत होता, की आपण होतो म्हणून आज निभावलं, नाहीतर चेडवाचं काही खरं नव्हतं.

“पयली साद मीयाच घातलंय,” तो माझ्याकडे वळला. “व्हय की नाय, काकी?”

नम्रताने तोंड उघडलं. मी तिचा हात हळूच दाबला. सूर्य अजून सड्याच्या बराच वर होता.

मी मान डोलावली.