शनिवारचं सूप

चीजचा काप इतका पातळ होता, की खालच्या कागदावरची निळी रेघ त्यातून आरपार दिसत होती. दुकानवाल्या काकांनी तो काउंटरवरून पुढे सरकवला होता – "नवीन आलंय, चव तर बघा" – आणि तेव्हापासून ती तो कागद हातात धरून नुसती उभी होती. कापाच्या कडा मऊ पडायला लागल्या होत्या. खायचा असतो, त्यात विचार कसला करायचा... तिने तो तोंडात टाकला, गिळला, आणि गिळल्यावर लक्षात आलं की चव घ्यायची राहूनच गेली.

"कसं आहे?"

"छान आहे," ती म्हणाली.

काका पुन्हा पाव कापायला वळले. तिचीच ऑर्डर. फोनवर सगळं सांगून झालं होतं, ते पाठवतोही म्हणाले होते. पण "नको, मीच येते" असं म्हणून ती घरातल्याच चपला पायात सरकवून निघाली होती – आणि लवकर येऊन पोचली होती. घरात थांबवेना, एवढंच. आता इथेही थांबवत नव्हतं. तिने खारवलेल्या काकड्यांच्या बरण्या पाहिल्या, बटाट्याच्या सॅलडचा ट्रे पाहिला, परत बरण्या पाहिल्या. काकांच्या वडिलांच्या वेळचं हे काउंटर. लोकांची कोपरं टेकून टेकून त्याची कड गुळगुळीत झालेली. एके काळी ही कड तिच्या नाकाला लागायची. ताई मात्र टाचा उंच करून पलीकडचं सगळं बघायची, हे द्या, ते द्या म्हणून सांगायची, आणि शेवटी मागे न बघताच म्हणायची – "हिला पण तेच."

ताई काल संध्याकाळी आली. दोन मोठ्या बॅगा घेऊन, त्यातली एक रिकामी. रिकामी बॅग कशाला, हे रात्रभर विचारायचं राहिलं, आणि सकाळी विचारायची गरज उरली नाही. खिडकीपाशी आईचे केस विंचरता विंचरता ताई सहज म्हणाली, "आईला मी घेऊन जाते गं आता. तू तरी किती करशील?" ती दारात उभी होती, चमच्यात औषध ओतून. आणि आई... आईला सगळं कळतं, फक्त पायांनी दगा दिलाय... आई लगेच म्हणाली, "जाईन की. तुझ्याकडे गॅलरीत ऊन येतं ना गं दिवसभर?"

चमचा हलला नाही. औषधाचा एक थेंबसुद्धा सांडला नाही. तिने ते आईला पाजलं, ओठ पुसले, चमचा विसळला.

ऊन! आमच्याकडेही येतं की ऊन. सकाळी येतं, खुर्ची सरकवावी लागते एवढंच, आणि ती सरकवते कोण?... आणि मला तरी दुसरं काय हवं होतं? चष्म्याच्या दुकानातलं काम संपवून घरी येताना किती वेळा मी मनाशी म्हटलंय, ताईने एकदाचं न्यावं, महिनाभर तरी न्यावं, मला झोपू द्यावं. आता नेतेय तर हे काय भलतंच? एवढंच वाटत होतं की आईने एकदा वर बघावं. "आणि बारकीचं काय?" – इतकंच विचारावं. मग मीच म्हटलं असतं, जा गं तू, माझी काळजी करू नकोस. हसून म्हटलं असतं. ते म्हणायची संधीसुद्धा दिली नाही.

नंतर ताई तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आज स्वयंपाकाला हात लावू नकोस. काकांकडून मागवूया. तू आता सुटलीस, बारके."

सुटलीस. म्हणजे जसं काही कुणी बांधून ठेवलं होतं. रोज चष्म्याच्या दुकानात ती लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलून विचारते – आधीचं स्पष्ट दिसतं की हे? आणि माणसं झटकन सांगतात, हे. आधीचं. क्वचित एखादा गोंधळतो, दोन्ही सारखंच वाटतं म्हणतो, आणि तिला उगाच त्याचा राग येतो.

"आईंचं सूप वेगळं बांधलंय बरं का," काका पिशवी भरत म्हणाले. "दोन्ही वाट्या. मीठ कमी, मिरी नाही. पुढच्या शनिवारीही हेच ना?"

"हो," ती म्हणाली.

म्हणून मोकळी झाली, आणि कानशिलं गरम झाली. पुढच्या शनिवारी आई नसेल. सांगायला हवं होतं... आता सांगितलं तर काका हातातलं काम टाकून विचारपूस करणार, कुठे, कधी, किती दिवसांसाठी, आणि आपण काय सांगणार? ऊन येतं म्हणून? आतल्या भटारखान्यातून मोठ्या पातेल्याचं झाकण काढल्याचा आवाज आला, आणि वाफेबरोबर दरवळ – ओळखीचा, तरी तिच्या घरात कधी न आलेला.

"बाकीच्यांना कसं देता हो?"

"काय?"

"सूप. आईचं वेगळं काढता, मग बाकीच्यांचं कसं असतं?"

काका हसले. "इतकी वर्षं नेताय, आणि कधी घेतलंच नाहीत?"

नाही घेतलं. आई एकटीच फिक्कं खात बसेल म्हणून पहिल्या शनिवारी तिने स्वतःसाठीही तेच सांगितलं होतं. नंतर तेच सूप झालं.

"मला द्या त्यातलं. वाटीभर. इथेच घेते."

बसायला जागा नव्हतीच. खिडकीला लागून लोकांच्या पिशव्या ठेवायची फळी होती, तिथे तिने वाटी ठेवली आणि उभ्यानेच पहिला घोट घेतला. जीभ पोळली. मग मीठ लागलं – अंगावर धावून आल्यासारखं – आणि पाठोपाठ मिरी. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. काकांनी पाण्याचा पेला आणून ठेवला.

फोन वाजला. ताई.

"अगं बारके, कुठे अडकलीस? आई विचारतेय."

"काय विचारतेय?" तिने इतक्या घाईने विचारलं की तिचं तिलाच ऐकवेना.

"जेवण कधी म्हणून. दुसरं काय?"

"येते," ती म्हणाली. "इथे फार गर्दी आहे."

दुकानात दुसरं कुणीच नव्हतं. काकांनी मान वर केली, आणि मग काउंटरची आधीच स्वच्छ असलेली काच ते मन लावून पुसू लागले.

पिशवीतल्या दोन वाट्या निवत असणार. निवल्या तर आई तोंड वाकडं करेल, ताई म्हणेल गरम करते, आणि तिला आमचा तो गॅस पेटवता येणार नाही... येईल. शिकेल. तिने खिडकीतून समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. या वेळी ती एरवी तिथून जवळजवळ पळतच जाते. आज पाय फळीपाशी निमूट उभे होते. तिने आणखी एक घोट घेतला, आता फुंकर घालून, आणि लगेच गिळला नाही. खारट होतं. बहुतेक जरा जास्तच. आवडलं का?... तिला सांगता येईना. कुणी विचारतही नव्हतं. सूप तोंडात तसंच धरून ती उभी राहिली, आणि फोन पुन्हा वाजायला लागला तरी तिने ते गिळायची घाई केली नाही.