आणखी आठ सेकंद

वेढ्याच्या त्या सिनेमात भालदार अकरा सेकंद दिसतो. किल्ल्याचं दार फुटतं, घोडेस्वार आत घुसतात, बाकीचे शिपाई पांगतात आणि हा एकटा भाला रोखून उभा राहतो. मग धूळ उठते आणि बुरुजावरची राणी डोळे मिटते. भालदार मेला कसा, ते दाखवलेलं नाही. त्यामुळे ज्याने त्याने त्याला आपल्या पसंतीचं शूर मरण दिलं. प्रत्यक्षात तो तिसऱ्या मजल्यावर राहत होता आणि एकतीस वर्षं त्या अकरा सेकंदांवर जगत होता.

पोटापाण्याला त्याने पाणीपट्टीच्या कचेरीत कारकुनी केली, पण ते कुणाला सांगायचं? दारावरच्या पाटीपासून न्हाव्याच्या खुर्चीपर्यंत तो भालदारच. पाहुणा आला की पाणी, चहा आणि गोष्ट, या क्रमात कधी बदल झाला नाही.

"घोडे खडूच्या रेघेवर थांबायचे होते. थांबले नाहीत. मी मात्र हाललो नाही."

इथे तो थांबे, पाहुण्याला मान हलवायला वेळ देई, आणि मग चहा आणणाऱ्या मेहुणीकडे बोट दाखवी. "आणि ही. घागर घेऊन गर्दीत उभी राहा, एवढंच काम. तर बाई थेट घोड्याखाली. तेव्हापासून ही चाल. घोडाही लाजला असेल."

पाहुणे हसत. मेहुणीही हसे. "घोड्यालाच डोळे नव्हते, भाऊजी," असं ती म्हणे. घोड्याखाली आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती; धूळ आणि घोडा, याखेरीज तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. पाय मोडला, त्याच महिन्यात ठरलेलं लग्नही मोडलं, आणि ती बहिणीच्या संसारात राहायला आली ती राहिलीच.

भालदाराची बायको मात्र या गोष्टीला कधी हसली नाही. ती त्या सिनेमाच्या संकलकाच्या हाताखाली होती. फिल्मचे तुकडे जोडायचे, नको ते चिठ्ठी लावून डब्यात ठेवायचे, हे तिचं काम. तो शॉट तिने टेबलावर पाहिला तेव्हा तिच्या लग्नाला तीन आठवडे होते. शॉट अकरा सेकंदांचा नव्हता, एकोणीस सेकंदांचा होता. उरलेल्या आठ सेकंदांत भालदार भाला टाकतो, वळतो, शेजारच्या घागरवाल्या मुलीचा दंड धरून तिला घोड्याच्या आणि आपल्या मधे ओढतो, आणि पडद्यावरून पसार होतो.

"धूळ झकास उठलीय, इथेच तोडू या," ती संकलकाला म्हणाली. संकलकाला जेवायला जायची घाई होती. तोडलेला तुकडा डब्यात न जाता तिच्या पिशवीत गेला, आणि पुढे बटणांच्या डबीत. जाळता आला असता. पण संसारात काही वस्तू वापरायच्या नसल्या तरी हाताशी असाव्या लागतात.

आता दिग्दर्शक अठ्ठ्याहत्तरचा झाला होता आणि सिनेमा नव्याने कापायला बसला होता. जुन्या तुकड्यांचं गोदाम कधीच रिकामं झालेलं. कुणाकडे काही उरलंय का, हे विचारत तो दारोदार फिरत होता. एका दुपारी तो इथेही येऊन टेकला.

"निर्मात्याने तेव्हा माझ्याकडून शूर सिनेमा करून घेतला," तो भालदाराच्या बायकोला म्हणाला. "आता खरा करतोय. तुमच्याकडे काही आहे?"

"काही नाही," ती म्हणाली.

"नाही कसं? डबीत आहे की," भालदार म्हणाला. डबीत फिल्मची गुंडाळी आहे, ती आपल्याच शॉटची आहे, एवढं त्याला ठाऊक होतं. त्यात काय आहे, हे डोळ्यांना लावून बघायची गरज त्याला कधी पडली नव्हती; स्वतःच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं. "माझा शॉट पुरा लावा, साहेब. तुम्ही बुरुजावर होतात, तुम्हाला दिसलं नसेल. मी बराच वेळ उभा होतो. हिने कापला."

"अहो, झाकली मूठ आहे. राहू द्या."

"नवऱ्याचं मोठेपण सोसवत नाही, दुसरं काय. साहेब, यांचं घराणंच भित्रं. एक घोड्याखाली जाते, एक कात्री घेऊन बसते."

मेहुणी चहा घेऊन येत होती. उंबऱ्यावर पाय अडखळला, कपातला चहा बशीत सांडला.

"घ्या," भालदार म्हणाला. "अजून घोडा दिसतोय हिला."

बायको उठली, आत गेली आणि डबी घेऊन आली.

दिग्दर्शकाने तुकडा खिडकीच्या उजेडात धरून भिंगातून पाहिला. मग भालदाराकडे पाहिलं. मग पुन्हा तुकड्याकडे. "हेच हवं होतं मला," तो म्हणाला.

भालदाराने महिनाभर आमंत्रणं केली. इमारत, जुनी कचेरी, न्हावी, सगळे मिळून थिएटरच्या दोन रांगा भरल्या. मधोमध तो, डावीकडे बायको, उजवीकडे मेहुणी.

दार फुटलं. दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. धूळ उठली, पण राणी आली नाही. धूळ खाली बसली, भाला जमिनीवर पडला, तेव्हा मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि बरेचजण हसले. मग पडद्यावरच्या हाताने मुलीचा दंड धरला. हसणं तुटलं. घागर फुटल्याचा आवाज त्या शांततेत फार मोठा वाटला.

मध्यंतरात न्हाव्याने बुटाची नाडी बांधायला घेतली आणि ती बराच वेळ बांधली. भालदार बायकोच्या कानाशी लागला.

"तू हे पाहिलं होतंस?"

"लग्नाच्या आधी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला?"

मेहुणीने सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. घरी आल्यावर ती भालदाराशी नाही, बहिणीशी बोलली. "एकतीस वर्षं घोड्याला शिव्या दिल्या गं मी, ताई. त्याला तरी सांगायचंस."

मेहुणी उत्तरासाठी थांबली नाही. तिला जायला दुसरं घर नव्हतं, म्हणून ती तिथेच राहिली, आणि सकाळी नेहमीसारखा चहा केला.

पुढच्या आठवड्यात भालदाराचा कचेरीतला जुना सोबती भेटायला आला. तो बाहेरगावी होता, त्याने नवा सिनेमा पाहिला नव्हता. पाणी झालं, चहा झाला. भालदार हवापाण्यावर बोलू लागला. मेहुणीने स्टूल ओढलं, त्याच्यासमोर मांडलं आणि दुखरा पाय सावकाश पुढे पसरून बसली.

"गोष्ट राहिली की, भाऊजी," ती म्हणाली. "सांगा ना. मी कुठे उभी होते, तिथपासून सांगा."

सोबत्याने कौतुकाने मान पुढे केली. बायकोने कप उचलायचं राहू दिलं आणि तीही ऐकायला बसली.